एप्रिलची शेवटची बोट

एजवेअर
२ नोव्हेंबर २०२५

कस्तुरी,

आशीर्वाद वगैरे लिहून सुरुवात करावी असं आपल्यात सध्या काही नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत भांडण झालं की तू जिंकतेस. वाचायला वेळ लागेल तुला, लागू दे. शनिवारच्या मराठी शाळेबाहेर पाच वर्षं गाडीत कुडकुडत बसलोय मी, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

मी साउथ जॉर्जियाला चाललोय. हो, तिथेच. मागच्या गल्लीतला हरीश कारखानीस, तो रिटायर्ड फार्मासिस्ट, त्याने अंटार्क्टिकाच्या बाजूची एक्सपिडिशन क्रूझ बुक केली होती. बायको ऐनवेळी म्हणाली, उलट्या करत पेंग्विन बघायला मला जायचं नाही. मग तिची जागा माझ्या गळ्यात पडली, असं मी मंडळात सगळ्यांना सांगितलंय. खरं म्हणजे मीच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

का, ते सरळ सांगतो. तुझी आई बावीसच्या जूनमध्ये गेली तेव्हा तू तिथल्या त्या बेटावर आल्बट्रॉस पक्ष्यांची पिल्लं मोजत होतीस. नोव्हेंबरात परत आलीस, दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस की एप्रिलनंतर तिथून निघायला बोटच नव्हती. मी म्हणालो, ज्याला यायचं असतं तो येतो. तू पाठीवरची सॅकसुद्धा न उतरवता परत गेलीस. त्याला आता तीन वर्षं होतील. तू केंब्रिजला, मी एजवेअरला, आणि मधला दीड तासाचा प्रवास दोघांनाही झेपत नाही.

मी चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलिंगमध्ये काढली. लाइन बंद आहे असं कुणी फोनवर सांगितलं की आम्ही जाऊन बघायचो, मगच मानायचो. आता तेच करायला चाललोय. एखादी फिशिंग बोट, नेव्हीची बोट, काहीतरी असणारच. माणसं राहतात तिथे. असली तर तुला सांगीन, नसली तर तेही सांगीन.

एक गोष्ट पुन्हा लिहून ठेवतो. आजाराचं तुला कळवू नका, असं तुझ्या आईनेच मला सांगितलं होतं. मी माझ्या मनाने काही केलं नाही.

बाबा


जहाजावर, फॉकलंड सोडून एक दिवस
१५ नोव्हेंबर

कस्तुरी,

वैताग आलाय. लंडन सोडून आज आठवा दिवस आणि अजून पोचलो नाही. दोन विमानं झाली, मग अर्जेंटिनाच्या टोकाला एक रात्र, मग ही बोट, मग फॉकलंड, आणि आता पुन्हा नुसतं पाणी. कुणी विचारलं तर म्हणतात, परवा सकाळी, हवामान चांगलं असेल तर. ह्या जहाजावरचं प्रत्येक वाक्य हवामान चांगलं असेल तर ह्याच्यावर येऊन थांबतं.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मला बोट लागते, आणि केबिनमध्ये हरीश. मी पांघरुणात तोंड खुपसून पडलेला असतो आणि हा माणूस तीन कोर्सचं जेवून येऊन मला मेनू वाचून दाखवतो. चांगला आहे बिचारा, आलं घातलेला चहासुद्धा आणून देतो. पण आजारी माणसाशी आनंदाने बोलू नये, एवढं चाळीस वर्षं औषधं विकून त्याला कळलं नाही.

रोज लेक्चर असतं. काल व्हेलिंगवर होतं. तिथल्या कारखान्यांत लीथहून, म्हणजे तुझ्या एडिनबऱ्याच्या बंदरातून, कोवळी पोरं जायची म्हणे. दोन-दोन वर्षं रक्तात आणि चरबीत उभी राहायची. पावणेदोन लाख व्हेल मारले त्यांनी तिथे. स्लाइडवर एक मेलेला व्हेल होता आणि त्याच्यावर उभी असलेली दोन पोरं हसत होती. मग लेक्चर देणारा म्हणाला, घरी कुणी गेलं तर ह्यांना पुढच्या बोटीने कळायचं. हरीश माझ्या कानात म्हणाला, आता व्हॉट्सॲप आहे, काय सोय झाली बघ. मी मळमळतंय म्हणून सांगितलं आणि उठून बाहेर आलो.

बाहेर तुझा तो पक्षी होता. वाँडरिंग आल्बट्रॉस. मागे कुठेतरी येत होता आणि बघता बघता रेलिंगच्या बरोबरीने आला. पंख हलवलेच नाहीत त्याने. मी अर्धा तास उभा होतो, थंडीने कान गेले, पण एकदासुद्धा नाही. तू ह्यांच्यासाठी एडिनबऱ्याची परमनंट नोकरी सोडलीस ह्याचा मला इतका राग होता की मी कधी त्यांचा फोटोसुद्धा नीट बघितला नव्हता. आई फ्रिजवर लावायची, मी दूध काढताना नजर वळवायचो. चांगला पक्षी आहे. माझा राग त्याने कमी झाला असं समजू नकोस.

निघालीस त्या दिवशी हॉलमध्ये मी काय बोललो ते तुला आठवत असेल. जातेस तर जा, पण मग काही झालं तरी आम्ही तुला बोलावणार नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

बाबा


जहाजावर
१७ नोव्हेंबर

तुझं बेट दिसलं नाही.

पहाटे पाचपासून डेकवर उभा होतो. सगळे कपडे अंगावर, हरीशची मंकी कॅपसुद्धा. साडेसहाला कप्तानाने सांगितलं की डाव्या हाताला अमुक बेट आहे, तिथे रिसर्च बेस आहे, पाहुण्यांना उतरायला बंदी आहे. डाव्या हाताला धुकं होतं. उजव्या हाताला पण धुकं होतं. सीलचा वास आला, हजारो गळे एकदम ओरडल्यासारखा आवाज आला, आणि हरीश ओरडला, ते बघ, ते बघ, झोपडी. तो खडक होता. वीस मिनिटांनी तेही गेलं. एवढा जीव काढून मी आलो आणि वीस मिनिटं धुकं बघितलं. रेलिंगला लाथ मारली, अंगठा सुजलाय.

एवढं मात्र कळलं की तिथे विमान उतरायला जागा नाही. जवळपास कुठेच नाही. आमच्या गाइडला विचारलं, हेलिकॉप्टर? ती हसली. कुठून येणार ते, म्हणाली. मी म्हटलं, इमर्जन्सी असेल तर? म्हणाली, तर वाट बघायची.

दुपारी दुसऱ्या एका बेटावर उतरवलं. फर सीलचे नर अंगावर येत होते, आम्ही एका ओळीत, हातात काठी, शाळेच्या सहलीसारखे. वर गवतात एक पिल्लू होतं आल्बट्रॉसचं. पिल्लू कसलं, आपल्या मायक्रोवेव्हएवढं धूड. करडी पिसं गळत होती आणि आत पांढरं-तपकिरी दिसत होतं. हिवाळाभर ते एकटं बसतं, आई-बाप कधी चार दिवसांनी येतात, कधी दहा. येणार कधी ते त्याला कुणी सांगत नाही. गाइड हे सांगताना फार हळवी झाली, त्याचा मला वैताग आला. पिल्लाने माझ्याकडे बघून चोच खाडखाड वाजवली. तू मे महिन्यात बर्फात गुडघ्यावर बसून असल्या चोचींखाली हात घालून वजन करायचीस, ते आई मला सांगायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.


ग्रिटविकेन
१८ नोव्हेंबर

कस्तुरी,

आज माझ्यामुळे एकशेवीस माणसांचे दोन तास गेले. ऐक.

ह्या बेटावर बाहेरचं बी येऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. तुला माहीतच आहे म्हणा. उंदीर मारायला त्यांना वर्षं लागली, नॉर्वेच्या लोकांनी सोडलेले रेनडिअर काढायला वर्षं लागली, आता गवताची एक काडी चालत नाही. आम्हाला फॉर्म दिला होता. खिशात, शिवणीत, बुटात कुठे बी, माती, पानाचा तुकडा? मी छातीठोकपणे नाही लिहिलं आणि सही केली.

ग्रिटविकेनला सरकारी ऑफिसर बोटीवर आली. मोरॅग नाव, स्कॉटिश, चाळिशीची, हातात टॉर्च आणि चिमटा. माझ्या जॅकेटचा आतला खिसा तिने उलटा केला आणि टेबलावर बडीशेप पडली. चांगली अर्धा चमचा. मी म्हणालो, अहो ही बडीशेप आहे, जेवणानंतरची. ती म्हणाली, हे बी आहे. मी म्हणालो, बी पेरतात, ही चघळतात. मागे रांगेत हरीश होता, त्याने हळूच स्वतःच्या खिशात हात घातला, आणि तिने ते बघितलं. त्याच्याकडे तर भाजलेली होती, ओव्यासकट. चाळीस वर्षांत आम्हा दोघांना कधी सुचलं नाही की बडीशेप हे बी असतं. ती डब्यातच उगवते असं वाटायचं.

सबंध जहाज नापास. सगळ्यांनी पुन्हा बूट घासायचे, वेल्क्रो टाचणीने उकरायचं, व्हॅक्यूम लावायचा. एक ब्रिस्टलची बाई माझ्याकडे अशी बघत होती की मीच व्हेल मारले. नंतर सगळे किनाऱ्यावर गेले आणि मला तिच्यासमोर बसवून ठेवलं, प्रत्येक शिवण नीट तपासायला.

माझं आडनाव फॉर्मवर होतं. ती थांबली. बेहेरे? कॅस बेहेरेचे कोण तुम्ही? तिला तुझं नाव घेताना इतका आनंद झाला की मला वडील म्हणून सांगावंच लागलं.

बावीसच्या हिवाळ्यात ती इथेच होती, ह्या मुख्य स्टेशनवर. तुम्ही सगळे रोज संध्याकाळी रेडिओवर बोलायचात, हे मला माहीत नव्हतं. सोळा जूनला माझा ईमेल तुला मिळाला, त्या संध्याकाळचं तिने सांगितलं. तू प्रत्येक फिशिंग बोटीच्या कप्तानाला नावाने हाक मारलीस. एकजण चार दिवसांवर होता, यायला तयार होता, पण तुमच्या बेटाला त्या लाटांत बोट लागूच शकत नव्हती. तू तरी बॅग भरून दाराशी ठेवलीस. आई एकोणीसला गेली हे कळल्यावरसुद्धा ती बॅग आठवडाभर तिथेच होती, कुणी हलवायला धजलं नाही.

चिमटा खाली ठेवून ती म्हणाली, "शेवटची बोट बारा एप्रिलला गेली हो. त्यावर दोन बंक रिकामे होते. तोपर्यंत कळलं असतं तर कॅस नक्की पोचली असती."

तिने कागद पुढे केला, मी सही केली.

मग किनाऱ्यावर गेलो. चरबीच्या गंजलेल्या टाक्या, त्यांच्या सावलीत पसरलेले एलिफंट सील, त्यांचं ते ढेकर देणं. दफनभूमीत अंटार्क्टिकाच्या मोहिमांवाल्या त्या प्रसिद्ध कप्तानाच्या थडग्यावर सगळ्यांनी व्हिस्की ओतली. मी बाजूच्या थडग्यांवरची नावं वाचत होतो, एकोणीस वर्षं, बावीस वर्षं. पोस्ट ऑफिस आहे तिथे. ही सगळी पत्रं पाकिटात घालून स्टॅम्प लावला होता. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, पोचायला दोन महिने लागतील. दोन महिने मला सुटका वाटली, खरं सांगतो. म्हणूनच टाकलं नाही.

तर बोट नव्हती. तू खरं बोलत होतीस. मी बघून आलो, आणि चुकलो.


जहाजावर
२० नोव्हेंबर

परवा लिहिलं ते वाचलं. मी चुकलो, असं लिहून मोकळा झालोय. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जात नाही.

तिथे बोट नव्हती हे कळायला मला पृथ्वीच्या टोकाला जायची गरज नव्हती. तू जायच्या आधीच तारखांचा कागद ईमेल केला होतास. आईने प्रिंट काढून फ्रिजवर लावला होता, तुझ्या पक्ष्याच्या शेजारी. बारा एप्रिलवर तिने पेनाने गोल केला होता. तुला डबा पाठवायचा असेल तर तुमच्याकडे येणारी शेवटची बोट कोणती, ते बघायला. मी रोज दूध काढत होतो.

मला तिथे एखादी बोट सापडायला हवी होती, कस्तुरी. कुठलीही. सापडली असती तर दोष तुझा राहिला असता.

पुढचं घरी गेल्यावर लिहितो. इथे टेबल हलतंय.


एजवेअर
३ डिसेंबर

कस्तुरी,

इथे टेबल हलत नाही, तेव्हा सबबही नाही.

चार एप्रिल दोन हजार बावीस, सोमवार. कन्सल्टंटने आम्हाला बसवून सांगितलं की पॅनक्रियाजला आहे, पसरलंय, महिने आहेत, फार नाहीत. कारपार्कमध्ये मी तिकीट शोधत होतो आणि आई म्हणाली, "अहो, कस्तूला बोलवा. आजच फोन करा." मी म्हणालो, करतो.

केला नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं, सेकंड ओपिनियन येऊ दे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उगाच पोरीला घाबरवायचं. आपल्याकडे असंच करतात, लांबच्या माणसाला कळवत नाहीत. माझी आई पुण्यात गेली तेव्हा नानांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मला असंच अंधारात ठेवलं होतं, आणि मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नव्हतो. म्हणजे काय करतोय ते मला पुरेपूर माहीत होतं. खरं कारण हे की हॉलमध्ये मी म्हणालो होतो, आम्ही तुला बोलावणार नाही. सहा महिन्यांत मीच फोन करून ये म्हणायचं? माझ्या तोंडातून ते निघेना. फोन हातात घेऊन गॅरेजमध्ये जायचो आणि परत यायचो. बायको मरतेय आणि मी माझा शब्द सांभाळत होतो.

आई रोज विचारायची, केलात का? सहा तारखेला मी सांगितलं, केला. ती म्हणाली, काय म्हणाली कस्तू? मी म्हणालो, बघते म्हणाली.

बघते म्हणाली. हे तुझ्या तोंडी मी घातलं.

बारा तारीख आली आणि गेली. आईने संध्याकाळी फ्रिजवरचा कागद काढला, घडी घातली, आणि मला म्हणाली, आता तिला काही कळवू नका, तिच्यावर दडपण आणू नका, तिचं काम आहे. ते वाक्य खरं आहे. गेली साडेतीन वर्षं मी तेवढंच वाक्य तुला सांगतोय आणि त्याच्या आधीचे आठ दिवस गिळतोय.

बाराच्या आधीच्या रविवारी तुझी लाइन लागलीच नव्हती. त्यानंतर दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलायची. पंधरा मिनिटं लाइन टिकायची. पिल्लांची वजनं विचारायची, जेवलीस काय, मोजे सुकतात का तिकडे. आजाराचा शब्द काढायची नाही. तुला नंतर वाटलं, आईने लपवलं. तिला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू विषय टाळतेस. मी त्याच खोलीत पेपर वाचत बसलेलो असायचो. मला एका वाक्यात ते सोडवता आलं असतं, आणि दर रविवारी मी पान उलटलं.

तिने तुला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, मेच्या शेवटी, "माझ्यासाठी आली असती तर बरं वाटलं असतं हो." मी उशी नीट केली.

जूनच्या सोळाला तिची शुद्ध गेली तेव्हा तुला ईमेल लिहिला. आता कुणी काही विचारणार नव्हतं म्हणून लिहिला. आणि तू दारात आलीस तेव्हा तुलाच म्हणालो, ज्याला यायचं असतं तो येतो. तुला उलट बोलायला लावायचं, भांडण मोठं करायचं, म्हणजे तारखा कुणी काढणार नाही. रागावून गेलीस, तर मला आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं होतं.

माफ कर असं लिहीत नाही. माझं जे व्हायचं ते होईल. पण तुझी आई तू येणार नाहीस असं समजून गेली, आणि ते खोटं होतं, हे तुला माहीत असायला हवं. तू आली असतीस. तुझी बॅग दाराशी होती, हे तिला सांगायला आता कुणी नाही, म्हणून तुला सांगतोय.

ही सगळी पत्रं उद्या रजिस्टर्ड पोस्टाने टाकतो, शुक्रवारी केंब्रिजला पोचतील. रविवारी सात तारखेला सकाळी अकरा वाजता मी तुला फोन करणार आहे. नाही उचललास तरी चालेल. पुढच्या रविवारी करीन, त्याच्या पुढच्या करीन. केला म्हणून कुणाला सांगणार नाही. करीन.

बाबा